घरांतील सुगंध आणि व्हॅनिलाचें तेल

घर कसें आहे हें पाहुण्याला पुष्कळ वेळां डोळ्यांच्या आधीं नाकानें समजतें. उंबरठा ओलांडतांच येणारा धुपाचा, नुकत्याच कढविलेल्या तुपाचा, किंवा बंद खोलींतील कुबट हवेचा वास त्या कुटुंबाची राहणी न बोलतां सांगून जातो. आपल्या पूर्वजांनीं ही गोष्ट क्षुल्लक मानली नव्हती. ग्रहगति, पर्जन्य आणि वास्तु यांचा विचार करणाऱ्या वराहमिहिरानें आपल्या ‘बृहत्संहितें’त ‘गंधयुक्ति’ नांवाचा स्वतंत्र अध्याय सुगंधी मिश्रणांसाठीं घातला आहे. चंदन, वाळा, कापूर आणि केवडा यांच्या या जुन्या पंक्तींत आतां एका परदेशी शेंगेचा गंध येऊन बसला आहे. आइस्क्रीम आणि केक यांच्या निमित्तानें स्वयंपाकघरांत शिरलेला व्हॅनिला गेल्या कांहीं वर्षांत दिवाणखान्यांत, न्हाणीघरांत आणि निजण्याच्या खोलींतही पोंचला आहे. त्याच्या मेणबत्त्या, त्याचे फवारे आणि विशेषतः त्याचें ‘तेल’ सर्वत्र विकलें जातें. आणि त्या तेलाच्या वासानें निद्रा येते, चिंता पळते, मन शांत होतें, असें त्याच्या कुपीवर लिहिलेलें असतें.

ज्या घरांत एकाच छपराखालीं तान्हें मूल, बाळंतीण, दम्यानें बेजार झालेले आजोबा आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेला मुलगा अशीं सर्व मंडळी राहतात, त्या घरांतील हवा ही कोणा एकट्याची नसते. एकानें लावलेला सुगंध सर्वांच्या श्वासांत जातो. म्हणून हें तेल वस्तुतः काय आहे, तें घरीं कसें वापरावें आणि त्याच्यापासून अपेक्षा तरी किती ठेवावी, याचा विचार घरांतील जाणत्या मंडळींनीं एकदां शांतपणें करणें अगत्याचें आहे.

एका दिवसाचें फूल

व्हॅनिला ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील वेल. ती आमरीच्या कुळांतील आहे, आणि या विस्तीर्ण कुळांत जिच्या फळाला मोठा व्यापारी भाव आहे अशी जवळजवळ हीच एक. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याजवळील पापांतला या भागांत राहणारे टोटोनाक लोक हिचे जुने जाणकार. त्यांच्यावर सत्ता गाजविणारे अ‍ॅझटेक लोक कोकोच्या पेयांत ही शेंग घालीत. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोक तेथें गेले आणि त्यांनीं हिला ‘लहान शेंग’ या अर्थाचें आपल्या भाषेंतील नांव दिलें. त्याच नांवावरून आजचा ‘व्हॅनिला’ हा शब्द आला.

वेल युरोपांत आणि पुढें हिंदी महासागरांतील बेटांवर गेली, वाढली, फुललीही. परंतु शेंग म्हणून धरेना. याचें कारण फुलाच्या रचनेंत आहे. व्हॅनिलाच्या फुलांत पराग आणि स्त्रीकेसर यांच्यामध्यें एक नाजूक पडदा असतो. मेक्सिकोच्या अरण्यांत हें अंतर मधमाश्या ओलांडून देत; इतरत्र तें काम करणारें कोणी नव्हतें. फूल सकाळीं उमलतें आणि त्याच दिवशीं मिटून जातें, तेवढ्या अवधींत परागीकरण झालें तर ठीक, नाहीं तर तें गळून पडतें. १८३६ सालीं बेल्जममध्यें चार्ल्स मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें हातानें परागीकरण करून शेंगा धरविल्या. परंतु शेतकऱ्याला रोज करतां येईल अशी सोपी युक्ति त्यांतून निघाली नाहीं.

ती युक्ति शोधली एका बारा वर्षांच्या गुलाम मुलानें. आज रीयुनियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि त्या काळीं बूरबों म्हटल्या जाणाऱ्या फ्रेंच बेटावर एडमंड नांवाचा हा पोरका मुलगा आपल्या मालकाच्या बागेंत काम करीत असे. १८४१ सालीं त्यानें बारीक काडीनें तो पडदा उचलून अंगठ्यानें पराग हलकेच दाबून बसविण्याची कृति करून दाखविली. आज जगांत जेथें जेथें व्हॅनिलाची लागवड होते तेथें तेथें बहुतेक सर्व काम याच रीतीनें, फूल एकेक करून, माणसाच्या बोटांनीं होतें. १८४८ सालीं त्या बेटावरील गुलामगिरी संपली, तेव्हां त्याला आल्ब्यूस हें आडनांव मिळालें. संपत्ति मात्र मिळाली नाहीं. ज्या शोधावर इतरांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्या शोधाचा कर्ता १८८० सालीं दारिद्र्यांतच वारला. शोध त्याचा नव्हे असें म्हणणारे विद्वानही निघाले होते. त्याच्या पूर्वीच्या मालकानें मात्र तो त्याचाच आहे अशी लेखी ग्वाही दिली, म्हणून त्याचें नांव टिकलें.

शेंग धरल्यानंतर पक्व होण्यास सुमारें नऊ महिने लागतात, आणि गंमत अशी कीं, वेलीवरील हिरव्या शेंगेला त्या प्रसिद्ध सुगंधाचा लेशही नसतो. गंधद्रव्य तिच्यांत साखरेच्या एका अणूशीं बांधलेलें असतें. शेंगा ऊन पाण्यांत थोडा वेळ बुडवितात, मग लोकरी कापडांत गुंडाळून त्यांना घाम आणतात, कित्येक आठवडे दिवसा उन्हांत आणि रात्रीं उबेंत ठेवतात, आणि शेवटीं पेट्यांत महिनोन्महिने मुरवितात. या क्रियेंत शेंगेंतील विकर तें बंधन तोडतें आणि ‘व्हॅनिलिन’ हें द्रव्य मोकळें होतें. पांच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून तयार माल एक किलोच्या आसपास पडतो. आज या व्यापाराचा सर्वांत मोठा भाग मादागास्कर बेटाकडे आहे; तेथें वादळ झालें कीं जगभर भाव चढतात. आपल्या देशांत केरळ आणि कर्नाटक येथील नारळी-पोफळीच्या बागांतून ही वेल चढविण्यांत आली. २००० सालानंतर भाव वाढले तेव्हां अनेकांनीं हौसेनें लागवड केली, आणि दोन-चार वर्षांतच भाव कोसळले तेव्हां त्यांतील अनेक बागा ओस पडल्या.

तेल म्हणतात तें काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गुलाब, केवडा, वाळा यांचें तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनानें निघतें. कनोजच्या भट्ट्यांवर हेंच चालतें. व्हॅनिलाच्या शेंगेवर ही रीत लागू पडत नाहीं, कारण व्हॅनिलिन वाफेबरोबर सहजासहजीं उडून जात नाहीं. सबब ‘व्हॅनिलाचें एसेन्शिअल ऑइल’ असें ज्या कुपीवर लिहिलें असेल ती पाहतांच ग्राहकानें सावध व्हावें. अशा नांवाची वस्तु रूढ अर्थानें अस्तित्वांतच नाहीं.

मग बाजारांत असतें काय? चार प्रकार मुख्य आहेत. पहिला ‘ॲब्सोल्यूट’: विद्रावकाच्या साह्यानें शेंगांतून काढलेला दाट, तपकिरी, अत्यंत महाग अर्क. दुसरा, कर्बवायूच्या दाबाखालीं काढलेला अर्क, हाही महागच. तिसरा, शेंगा एखाद्या गोड्या तेलांत मुरवून केलेलें तेल. याचा वास सौम्य असतो, पण तें प्रामाणिक असतें. चौथा, आणि बाजारांत सर्वांत अधिक आढळणारा, ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ म्हणजे कृत्रिम व्हॅनिलिन व इतर गंधद्रव्यें यांचें मिश्रण.

‘कृत्रिम’ या शब्दानें दचकण्याचें कारण नाहीं. व्हॅनिलिन शेंगेंतून शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें तें गोब्ले या फ्रेंच रसायनज्ञानें, १८५८ सालीं. पुढें १८७४ सालीं टीमान आणि हार्मान या जर्मन रसायनज्ञांनीं देवदाराच्या जातीच्या झाडांतील एका द्रव्यापासून तें प्रयोगशाळेंत तयार केलें. त्यानंतर लवंगेच्या तेलापासून, कागदाच्या गिरणींतील टाकाऊ द्रवापासून आणि आज मुख्यतः खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून तें होऊं लागलें. अणूच्या दृष्टीनें शेंगेंतील व्हॅनिलिन आणि कारखान्यांतील व्हॅनिलिन एकच. भेद आहे तो असा कीं, मुरविलेल्या शेंगेंत व्हॅनिलिन शेंकडा दोनच्या आसपास असून त्याच्या सोबतीला इतर शेंकडों गंधद्रव्यें असतात. एकट्या तंबोऱ्याचा षड्ज आणि भरलेली मैफल यांत जो भेद, तोच येथें. पॅरिसच्या अत्तरकारांनीं कृत्रिम व्हॅनिलिनचा मोकळेपणानें उपयोग केला. १८८९ सालचें ‘जिकी’ हें गेर्लां पेढीचें प्रसिद्ध अत्तर त्याचेंच उदाहरण. दोष कृत्रिमतेंत नाहीं. खनिज तेलापासूनची वस्तु वेलीची म्हणून आणि दहापट किंमतीला विकणें, हा दोष आहे.

खरेदी करतांना म्हणून तीन गोष्टी पाहाव्या. कुपीवर ‘व्हॅनिला प्लॅनिफोलिया’ हें वनस्पतीचें नांव आणि अर्क काढण्याची रीत लिहिली आहे कीं नाहीं, द्रव दाट व गडद आहे कीं पाण्यासारखा स्वच्छ, आणि भाव. २०१८ सालीं मादागास्करच्या शेंगांचा भाव किलोला सहाशें डॉलरच्या घरांत, म्हणजे चांदीच्याही वर, गेला होता. भाव पुढें उतरले, तरी अशा वस्तूचा शुद्ध अर्क लिंबाच्या किंवा निलगिरीच्या तेलाच्या भावानें कोणी देऊं शकत नाहीं, एवढें तारतम्य गृहिणीला पुरेसें आहे.

घरीं करण्याजोग्या कृति

महाग अर्कावांचून अडत नाहीं. दोन-तीन चांगल्या शेंगा आणल्या तर त्यांच्यापासून घरांत बरेंच कांहीं साधतें.

मुरविलेलें तेल: दोन शेंगा उभ्या चिरून, आंतील बारीक काळ्या बियांसकट त्यांचे बोटभर तुकडे करावे. कोरड्या, स्वच्छ कांचेच्या बरणींत ते घालून वर १०० मिलिलिटर बदामाचें गोडें तेल, किंवा थंडींतही न थिजणारें शुद्धीकृत खोबरेल ओतावें. तिळाचें तेल घेऊं नये. त्याचा स्वतःचाच वास या सौम्य गंधावर चढतो. तुकडे तेलांत पूर्ण बुडालेले असावे आणि बरणींत पाण्याचा थेंबही नसावा, कारण ओलाव्यानें तेल बिघडतें. बरणी उबदार जागीं, उन्हाच्या थेट झोतापासून दूर, चार ते सहा आठवडे ठेवावी. मधून मधून हलवावी. नंतर मलमलींतून गाळून गडद रंगाच्या कुपींत भरावें. हें तेल हातापायांना व केसांना लावण्यासाठीं आहे, खाण्यासाठीं नव्हे. बाजारच्या तेलासारखा त्याचा वास खोलीभर दरवळत नाहीं. जवळ आल्यावरच कळतो. व्हॅनिलाचा खरा स्वभाव तोच.

कपाटांतील पुरचुंडी: खिरीसाठीं किंवा कस्टर्डसाठीं वापरलेली शेंग फेंकून देऊं नये. ती धुवून, सावलींत अगदीं कोरडी करून तिचे तुकडे वाळ्याच्या मुळ्या, नागरमोथा, कपूरकाचरी आणि दोन-चार लवंगा यांच्यासह मलमलीच्या पुरचुंडींत बांधावे. वाळ्याचा मातकट गारवा आणि व्हॅनिलाचा गोडवा एकमेकांना चांगले सांभाळून घेतात. पुरचुंडी रेशमी वस्त्रांना लागूं देऊं नये. शेंगेंतील तेलाचा डाग रेशमावर पडला तर सहजीं निघत नाहीं.

उकळत्या पाण्याचा गंध: लहान पातेल्यांत पाणी, संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा आणि वापरलेली शेंग घालून मंद आंचेवर ठेवावें. पावसाळ्यांत कपडे घरांत वाळत असतां येणारा दमट वास यानें सौम्य होतो. पाणी आटूं देऊं नये आणि पातेलें सोडून कोणीं जाऊं नये.

मिश्रण करूं इच्छिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, व्हॅनिला हा बैठकीचा गंध आहे. लिंबाचा वास प्रथम उडतो, मोगऱ्याचा त्याच्या मागून, आणि व्हॅनिला शेवटपर्यंत राहतो. अत्तरांत चंदनाला जें स्थान, तेंच याला. म्हणून तो थोडाच घालावा. बाष्प उडविणाऱ्या यंत्रांत दाट अर्क घालूं नये. तो पाण्यांत मिसळत नाहीं आणि यंत्राचीं छिद्रें बुजवितो. समईंत किंवा निरांजनांत तर कोणतेंही गंधतेल टाकूं नये. त्यांतील कित्येक द्रव्यें ज्योतीनें भडकून पेट घेतात.

औषध कीं आनंद?

सुगंध-चिकित्सा हा शब्द जुना वाटला तरी तो विसाव्या शतकांतील आहे. गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञानें आपल्या १९३७ सालच्या ग्रंथाला तें नांव दिलें आणि तेथून तें जगभर पसरलें. त्या नांवाखालीं आज जें जें विकलें जातें तें सर्व मात्र शास्त्र नव्हे.

व्हॅनिलासंबंधानें कांहीं गोष्टी खरोखर तपासल्या गेल्या आहेत. २००५ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं मुदतीच्या फार आधीं जन्मलेल्या १४ अर्भकांच्या उबपेटींत व्हॅनिलिनचा मंद वास ठेवला, तेव्हां त्यांचा श्वास मध्येंच थांबण्याचे प्रकार शेंकडा ३६ नें कमी झाल्याचें दिसलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अरण्यांत राहणाऱ्या जमातींपासून महानगरांतील लोकांपर्यंत नऊ समाजांतील माणसांना निरनिराळे वास हुंगविले; त्यांत व्हॅनिलिनचा वास सर्वांत आवडता ठरला. उलट, ‘व्हॅनिलाच्या वासानें रुग्णांची भीति कमी झाली’ असें जें वारंवार छापलें जातें, त्याचें मूळ अमेरिकेंतील १९९४ सालच्या एका प्रयोगांत आहे. आणि त्यांत वापरलेलें द्रव्य व्हॅनिला नसून त्याच्याशीं मिळताजुळता वास असलेलें हेलिओट्रोपिन होतें.

यावरून काय घ्यावें? हा वास माणसाला प्रिय आहे आणि प्रिय वासानें मन कांहीं काळ सुखावतें, इतकें घ्यावें. निद्रानाश, उदासीनता, रक्तदाब यांवर हें औषध आहे असें घेऊं नये. चौदा अर्भकांचा प्रयोग इस्पितळांत, अहोरात्र पहाऱ्याखालीं झाला होता. त्याच्या आधारें घरांतील तान्ह्या बाळाच्या पाळण्याजवळ कुपी ठेवणें हा अविचार होय. ज्या सुनेला बाळंतपणानंतर रात्र रात्र डोळा लागत नाहीं, विनाकारण रडूं येतें, तिला सुगंधी तेलाची कुपी देऊन मोकळें होणें म्हणजे तिची तक्रार न ऐकणेंच आहे. तिला वैद्यकीय सल्ला, घरच्यांचा हातभार आणि चार तासांची सलग झोप हवी असते. सुगंधानें त्या सर्वांची सोबत करावी. त्यांची जागा घेऊं नये.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी

विकतचा दाट अर्क कातडीला तसाच लावूं नये. ३० मिलिलिटर गोड्या तेलांत सहा थेंब, म्हणजे सुमारें शेंकडा एक, हें प्रमाण पुरे. प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. ज्यांना पेरू बाल्समसारख्या द्रव्यांची अंगावर प्रतिक्रिया येते त्यांना व्हॅनिलाही सोसत नाहीं असें आढळतें. तान्ह्या मुलांच्या अंगाला हें तेल लावूं नये. बदाम न सोसणारें कोणी घरांत असेल तर मुरविण्यासाठीं खोबरेल घ्यावें. कुपी मुलांच्या हाताला लागणार नाहीं अशी ठेवावी, कारण खाऊसारखा वास येणारी वस्तु मूल तोंडांत घालणारच. दमा किंवा अर्धशिशी असलेलें माणूस घरांत असेल तर त्याला आधीं विचारावें, खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि अर्ध्या-पाऊण तासानंतर सुगंध बंद करावा. आपल्या नाकाला सवय होऊन वास कळेनासा झाला म्हणून आणखी थेंब टाकण्याची चूक सर्रास होते. हवेंत तो असतोच, आणि बाहेरून येणाराला तो गुदमरवितो.

आणखी एक गोष्ट. दुर्गंध हा पुष्कळदां निरोप असतो. मोरी तुंबली आहे, भिंतींत ओल मुरली आहे, गॅसची नळी झिरपते आहे, हें प्रथम नाकच सांगतें; स्वयंपाकाच्या गॅसमध्यें तर तेवढ्यासाठींच मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. त्या निरोपावर सुगंधाचें पांघरूण घालणें धोक्याचें. आधीं कारण शोधावें, घर झाडावें, हवा खेळती करावी. आणि मग हौस म्हणून सुगंध. २०२० सालच्या साथीनंतर ज्यांचें घ्राणेंद्रिय मंदावलें अशीं माणसें पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या वांट्याचा हा पहारा इतरांनीं करावयास हवा.

एका वेलीचें एक फूल, त्यावर कोणाचा तरी हात, नऊ महिन्यांची वाट आणि पुढें कित्येक आठवड्यांचें ऊन, इतकें सारें एका शेंगेच्या मागें असतें. अशी वस्तु घागरीनें ओतावयाची नसते. वर्षाला दोन शेंगा आणाव्या, त्यांच्यापासून खीर करावी, उरलेल्या सालींची पुरचुंडी बांधावी, आणि घरांतील मुलांना त्या बेटावरील एडमंडची गोष्ट सांगावी. कुपींतला कृत्रिम सुगंध आवडत असेल तर तोही खुशाल आणावा. मात्र तो काय आहे हें जाणून आणि त्याचा जो वाजवी भाव असेल तोच देऊन.